कडी चावते

शीलाचं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ते हरवलं नव्हतं. गारखेड्याच्या माझ्या खोलीत, टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली होतं आणि रोज सकाळी चष्मा घेताना मला दिसत होतं.

शीला माझ्या अक्काची सून; अक्काला ती आत्याबाई म्हणते. बाळंतपणाला सिल्लोडकडे माहेरी गेली होती. आता पत्रं कोणी लिहीत नाही, पण मला फोनवर बोलता येत नाही हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्याचा चेहरा दिसला नाही की मी प्रत्येक गोष्टीला 'हो, हो' म्हणत सुटतो. म्हणून तिनं वहीचं पान फाडून लिहिलं होतं:

'मामा, बाळ बरं आहे. दसऱ्याला मला न्यायला येणार आहेत. त्याआधी तुम्ही एकदा घर बघून या आणि मला खरं कळवा, मी बाळाला घेऊन तिथं येऊ का. तिथं सगळं तारेनं बांधलेलं आहे. दाराची कडी ओली असली की हाताला चावते. मी बोलले तर आत्याबाई म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईच्या अंगात असं होतंच. ह्यांना सांगितलं तर ते हसतात. तुम्ही पुस्तकं वाचता. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन.'

शेवटचं वाक्य वाचून मी पत्र चष्म्याच्या डबीखाली सरकवलं. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. माझ्या सांगण्यावरून कोणी काही केल्याचं मला आठवत नाही. 'ये' लिहावं, तर उद्या काही झालं तर? 'येऊ नकोस' लिहावं, तर माझ्या एका ओळीनं अक्काचं घर दुभंगायचं. आणि कडी चावते म्हणजे काय? तिला पत्र्याची धार लागत असेल. बाळंतिणीच्या अंगाबद्दल मी म्हाताऱ्यानं काय लिहायचं? आंतरदेशीय पत्र आणून ठेवलं, वर 'चि. शीला' लिहिलं आणि ते तसंच राहिलं.

गणपती गेले. पाऊस उघडायचं नाव घेईना. शेवटी मी कोरं पत्र पिशवीत टाकलं आणि लाल गाडीत बसलो.

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या अलीकडं आमचा फाटा आहे. फाट्यावर दाजी छत्री घेऊन उभे होते. अक्काचा नवरा, मल्हारराव. छत्रीच्या मोडलेल्या काड्यांच्या जागी त्यांनी सायकलीचे आरे बसवले होते, त्यामुळं ती एका बाजूला घोड्यासारखी मान टाकत होती.

"या पाव्हणं. पाऊस संगंच आणला का?"

"तो आधीच होता, दाजी."

"तुमचं आपलं बरं हाय. कशाचाच दोष घ्यायचा नाय." ते हसले आणि माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

त्यांच्या पायात टायरच्या तळाच्या वहाणा होत्या. ट्रकचं टायर कापून, वर जुन्या पट्ट्याचं चामडं ठोकून त्यांनी त्या घरीच केल्या होत्या. चिखलात त्यांचे जाड ठसे उमटत होते आणि मी त्या ठशांत पाय टाकत मागून चालत होतो.

दाजींचं घर डोंगराच्या पायथ्याला, वस्तीपासून जरा सुटं. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. आमच्या लोकांच्या पालाला मधोमध मेढ, म्हणजे आधाराचा खांब, असते. ती उभी तर घर उभं, आणि जे काही टांगायचं, बांधायचं, ते तिलाच. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणं थांबलं, पक्कं घर झालं, तरी दाजींनी मेढ सोडली नाही. बोअरचा जुना लोखंडी पाइप आणून त्यांनी घराच्या मधोमध, एका सपाट दगडावर उभा केला होता. पाइप पत्र्यातून वर निघाला होता. पत्रे त्याला तारेनं आवळलेले. कपड्यांची तार त्याला. भांड्यांची मांडणी त्याला. दाराची चौकट वाकली म्हणून चौकटीपासून पाइपापर्यंत एक पीळदार तार ताणलेली. वैशाखातल्या वादळात विजेच्या वायरचा भिंतीवरचा खुंट मोडला, तेव्हा खांबावरून येणारी वायरही त्यांनी पाइपाच्या टोकाला गुंडाळून, तिथून खाली मीटरकडं नेली होती.

"बघा, हलतंय का?" दाजींनी पाइपाला खांदा लावून दाखवला. "वादळात शेजारच्या काकासाहेबाचे पत्रे पार नाल्यात गेले. आपला एक हलला नाय."

"शिवशंकरनं नवी कडी आणली होती ना?" मी विचारलं. शिवशंकर म्हणजे शीलाचा नवरा. वाळूजला कंपनीत आहे, सुट्टीला येतो.

अक्का चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आणली की. कडी आणली, बिजागऱ्या आणल्या, वायरचा खुंट आणला, दिवा लागणारा पेचकस आणला. समदं पेटीत हाय. ह्यांनी कुलूप घातलंय त्याला."

"चांगली वस्तू हाय," दाजी म्हणाले. "उगं कामून खराब करायची? लागंल तवा काढू."

मी हातपाय धुवून आत येताना पायरीवर अनवाणी उभा राहिलो आणि दार ओढून घ्यायला कडीला हात लावला. पत्र्याचं दार, मोटारसायकलच्या साखळीच्या तुकड्याची कडी. बोटांतून कोपरापर्यंत बारीक झिणझिण्या गेल्या. मी हात झटकला.

मला साखर आहे. हातापायांना मुंग्या येतील, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. मी हात पुसला आणि कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरांच्या वाड्यात गेलो. वाडा म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला लागून उतरता पत्रा आणि बाकी तिन्ही बाजूंना बोराटीच्या काट्यांचं कुंपण. पाऊस चालू होता. मेंढरं पत्र्याखाली कोरड्यात उभी असतील असं मला वाटलं होतं. ती सगळी उघड्यावर, भिजत, एकमेकांत तोंडं खुपसून उभी होती. पत्र्याखालची जागा मोकळी.

"रोज असंच?" मी विचारलं.

दाजींनी आजूबाजूला बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पाऊस लागला तवापासून. कुत्रं बी उंबऱ्यापाशी बसंना. तिकडं पार उकिरड्यावर जाऊन बसतंय. पाव्हणं, मेंढरू खोटं बोलत नाय. त्या कोपऱ्यातून काहीतरी येतंय."

"काय?"

त्यांनी डोंगराकडं मान केली. तिकडं झाडी ढगात बुडालेली होती.

बिबट्या. मला ते लगेच पटलं. मेंढरांबद्दल दाजींना कळतं, मला काय कळतं?

दुपारी शेजारच्या मळ्याचे काकासाहेब जुन्या तारेच्या जाळीची गुंडाळी डोक्यावर घेऊन आले. उंच, बोलका माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदल्यात ही जाळी, असं ठरलेलं होतं.

"घ्या मल्हारराव. वाघ तर सोडा, उंदीर जाणार नाय यातून. आन् हे साहेब कोण? मेव्हणे व्हय? संभाजीनगरचे? बरं झालं. बिबट्या आला तर त्येला पुस्तक वाचून दाखवा. दोन पानांत झोपतो का नाय बघा."

अक्का तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो.

सगळी दुपार आम्ही जाळी बांधली. पत्र्याच्या उतरत्या कडेपासून काट्याच्या कुंपणापर्यंत. मी जाळी ताणून धरायची, दाजींनी पकडीनं तार पिळायची. पकडीचा एक दांडा मोडलेला होता, त्याला त्यांनी सायकलीची ट्यूब गुंडाळली होती. चिखलात माझी चप्पल रुतून तुटली. दाजींनी तीही तिथल्या तिथं तारेनं शिवून दिली. पाठ भरून आली, बोटं सोलली. जाळीचं प्रत्येक टोक दाजी पत्र्याच्या भोकातून घालून आतल्या तारेला मिळवत होते, आणि ती तार मेढीला.

"सुटं ठेवलं की जनावर तिथंच डोकं घालतं," ते म्हणाले. "समदं एकाला एक पायजे. एकाला धक्का लागला की समद्याला कळलं पायजे."

जाळी झाली. संध्याकाळी मेंढरं आत आणली तर ती आणखीच बिचकली. मिठ्या नावाचा मोठा एडका होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तो जाळीपर्यंत गेला, नाक लावलं आणि चारही पायांवर मागं उडाला. सगळा कळप एका बाजूला लवंडला. दाजींनी हातातली कुऱ्हाड घट्ट धरली.

"बघितलं? वास लागला त्येला. आज जवळच हाय."

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी पाऊस जरा थांबला की दाजी मेंढरं डोंगराच्या उताराला नेत. मी मागून काठी टेकत जाई. परतलो की पाला तोडायचा, लेंड्या काढायच्या, ओल्यानं लंगडणाऱ्या मेंढरांचे खुर साफ करायचे. अक्का सरपण वाळवायला चुलीभोवती रचून ठेवी आणि धुरानं खोकत भाकरी थापी. कपाट डगमगलं, तार. बादलीची कडी निघाली, तार. अक्का एकदा वैतागून म्हणाली, "माझा दात हालून ऱ्हायलाय बापू, पण मी ह्यांना सांगितलं नाय. त्येला बी तार बांधतील."

दाजी मात्र एका कामात गुंतले होते. भंगारातून त्यांनी लोखंडी पाळणा आणला होता. एका बाजूची आकडी गेलेली, तळाची पट्टी तुटलेली. रोज दिवेलागणीपर्यंत ते तो घासत बसत. गंज काढला, पट्टीच्या जागी बादलीचा पत्रा कापून ठोकला, आकडीच्या जागी सायकलीची साखळी. धार राहू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर स्वतःचा गाल घासून बघितला. पितृपक्ष सरत आला होता. एका संध्याकाळी त्यांनी पाळणा घरात आणला आणि मेढीला आडवा बांधलेल्या लोखंडी दांड्यावरून टांगला.

अक्कानं त्यात गोधडी घातली. हळूच झोका दिला. साखळी बारीक वाजली.

"लेकरू येऊ दे आता," ती म्हणाली. "घर खायला उठतंय. बापू, तू बी दे की झोका. मामाआजोबा तू."

मी पुढं झालो. जमीन सारवलेली होती आणि पावसानं ती सगळीच ओलसर झाली होती. मी पाळण्याच्या कठड्याला हात लावला. बोटांच्या टोकांवर कोणीतरी आतून टिचक्या मारल्यासारखं झालं. अगदी बारीक.

"दाजी," मी म्हणालो, "तुमच्या हाताला काही लागतं का इथं? मुंग्यांसारखं?"

दाजींनी कठडा दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या पायात वहाणा होत्या. गुडघे दुखतात, ओल बाधते, म्हणून पाऊसकाळात ते घरातही त्या काढत नसत.

"नाय बा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं, कागद चाळून चाळून हात मऊ झालेत तुमचे."

"त्याला साखर हाय हो," अक्का म्हणाली. "कामून हसता?"

ते खरंच होतं. मला साखर होती. मी हात मागं घेतला.

पहाटे जोराची सर आली. दिवस उजाडता उजाडता दाजींची हाक आली. हाक नव्हती, नुसता घशातून निघालेला आवाज होता.

आम्ही मागं धावलो. मिठ्या जाळीपाशी पडला होता. पाय ताठ, मान जाळीत दाबलेली, डोळे उघडे. बाकी मेंढरं वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, काट्यांत घुसली होती आणि एकही ओरडत नव्हतं.

"आला. आला शेवटी," दाजी म्हणाले. "जाळीच्या भाईरूनच धरला."

मी बघत होतो. चिखलात मेंढरांच्या खुरांशिवाय ठसा नव्हता. रक्त नव्हतं. गळ्याला दात लागलेला नव्हता. फक्त जिथं मान जाळीला टेकली होती तिथली लोकर पिवळी होऊन आत वळली होती, आणि पावसातही जळक्या केसांचा वास येत होता.

कडी ओली असली की हाताला चावते.

ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की मला त्यातली अक्षरं दिसली, शीलानं 'ओली' शब्दाखाली न मारलेली रेघसुद्धा दिसली. मला साखर आहे. शीलाला साखर नाही. मिठ्याला नव्हती.

अक्का रडत पुढं निघाली होती. अनवाणी, घोटाभर चिखलात, एडक्याची मान सोडवायला दोन्ही हात पुढं करून.

"अक्का! हात लावू नको!"

मी एवढ्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. अक्का थबकली. दाजींनी वळून माझ्याकडं बघितलं, जणू मी त्यांना शिवी दिली होती.

"करंट आहे," मी म्हणालो. आणि लगेच माझं मलाच वाटलं, नसला तर? "मला वाटतं, करंट आहे. पत्र्यात, जाळीत. दाजी, पेटी उघडा. तो दिवा लागणारा पेचकस द्या मला."

"बिबट्या हाय पाव्हणं. मेंढरं पाऊसकाळभर सांगून ऱ्हायलीत."

"मेंढरं खरंच सांगत होती," मी म्हणालो.

दाजींनी कमरेची किल्ली काढली. पेचकस अजून प्लास्टिकच्या पाकिटात होता. पाकिटामागची बारीक अक्षरं मी डोळ्यांजवळ धरून वाचली, दोनदा. मग अक्काला घरातल्या धान्याच्या लाकडी फळीवर बसवलं, दाजींच्या वहाणा मागून घेतल्या आणि त्यांना गोणपाटाच्या कोरड्या घडीवर उभं केलं. वहाणा मला मोठ्या होत होत्या. पेचकसाच्या मागच्या टोकावर अंगठा ठेवून मी तो जाळीला टेकवला.

आत लाल ठिपका पेटला.

मी पत्र्याच्या कडेला लावला. पेटला. फिरून दाराशी आलो, कडीला लावला. पेटला. घरात शिरलो. कपड्यांच्या तारेला, मांडणीला, मेढीला. प्रत्येक ठिकाणी तो बारीक लाल ठिपका पेटत होता. दाजी गोणपाटाची घडी पायाखाली घेऊन बाहेरून, दारातून बघत होते. माझी इच्छा नव्हती, पण हात गेलाच. पाळण्याच्या कठड्यावर, जिथं त्यांनी गाल घासून बघितला होता, तिथं पेचकस टेकवला.

तिथंही तो पेटला. अक्कानं डोळ्यांवर हात घेतला.

मीटरजवळचा फ्यूज मी काढला. दिवा गेला. पेचकस पुन्हा कडीला लावला. ठिपका तसाच.

"लाइट तर बंद केली," दाजी म्हणाले.

"मीटरच्या आधीच आहे. वर. पाइपाला जिथं वायर बांधली आहे, तिथं."

दाजींनी वर बघितलं. पत्र्यातून वर निघालेल्या मेढीच्या टोकावर पाणी ठिबकत होतं.

आम्ही काकासाहेबांच्या गोठ्यात जाऊन बसलो. काकासाहेबांनी फोन केला आणि वायरमन आला. त्यानं खांबावरून आमची वायर सोडवून खाली टाकली. नवी वायर लागेल, भिंतीला वेगळा खुंट लागेल, सामान आलं की बसवतो, असं म्हणाला. पुराच्या पाण्यानं सगळीकडं खांब पडलेत, त्यामुळं कधी ते सांगता येत नाही. जाताना त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "नशीब समजा बाबा. माणसाचं प्रेत उचलायला आलो असतो."

काकासाहेबांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. मिठ्याला त्यांनी आणि दाजींनी मिळून पुरलं.

दोन दिवस घर अंधारात होतं. मेंढरं मात्र पत्र्याखाली, भिंतीला अंग लावून बसू लागली. त्यांना तिथं बसलेलं बघणं दाजींना सोसत नसावं. ते तिकडं जातच नव्हते.

मग ऊन पडलं. सकाळी मी जागा झालो तर घरातला दिवा लागलेला होता. दाजी दारात उभे होते, हातात लांब वेळू, दाढीचे खुंट, पण चेहरा उजळलेला.

"उठा पाव्हणं. झालं काम."

वायर त्यांनी पुन्हा वेळूनं खांबावर टाकली होती, फ्यूज बसवला होता. पाइपाच्या टोकाला जिथं ती घासली होती, तिथं ट्यूबचे पट्टे एकावर एक गुंडाळून, वरून तारेनं करकचून बांधलं होतं.

"तुमचा पेचकस आणा. लावा कुठं बी."

मी कडीला लावला. अंधार. मेढीला लावला. अंधार. पाळण्याला लावला. काही नाही.

"आता तिला लिहा," दाजी म्हणाले. "ये म्हणावं. अंधाऱ्या घरात लेकरू आणायचं का? दसरा आला तोंडावर. तुम्ही लिहिलं की ती येईल. मला ठाव हाय, तिनं तुम्हालाच इचारलं असणार."

अक्का चुलीपाशी थांबली होती. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला 'हो' म्हणायची विनवणी होती. मी पिशवीतून कोरं पत्र काढलं. 'चि. शीला' लिहिलेलंच होतं. पुढं 'ये' एवढंच लिहायचं होतं. दिवा लागत होता, पेचकस गप्प होता, ऊन पडलं होतं.

मी पेन ठेवलं.

"दाजी, एक बादली पाणी द्या."

"कशाला?"

"शीलानं लिहिलंय, ओली असली की."

दाजींच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी स्वतःच रांजणातून बादली भरून आणली. अक्काला मी अंगणाबाहेर, दगडी ओट्यावर उभं केलं. पाणी मला वर फेकता येईना. पहिलं निम्मं माझ्याच अंगावर आलं. दाजींनी बादली माझ्या हातातून घेतली आणि लांबून, मेंढरांवर पाणी मारतात तसं, एका झटक्यात पत्र्यावर, मेढीच्या टोकावर फेकलं. पाणी ट्यूबच्या पट्ट्यांवरून निथळत खाली आलं. दाराच्या चौकटीवरून कडीवर ओघळलं.

मी त्यांच्या हातात पेचकस दिला. मला वाटलं, हे त्यांनी बघायला हवं. किंवा मला धीर नसेल, नक्की सांगता येत नाही.

दाजींनी तो कडीला टेकवला. उन्हात नीट दिसेना म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची सावली धरली आणि वाकून बघितलं.

ते बराच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ झाले, वेळू उचलला, खांबाकडं गेले आणि त्यांनी वायर ओढून खाली पाडली. घरातला दिवा गेला. परत आल्यावर त्यांनी पकडीनं पाळण्याची साखळी तोडली. पाळणा उचलून अंगणात ठेवला, पालथा. दुपारपर्यंत त्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

त्याच दुपारी मी निघालो. दाजी फाट्यापर्यंत आले. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. पिशवी त्यांच्या डोक्यावर होती आणि मी त्यांच्या ठशांतून चालत होतो. निम्म्या वाटेवर ते थांबले.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"काय?"

मला वाटलं, खोटं बोलावं. मग मी पत्र काढलं आणि वाचलं. " 'चि. शीला, अनेक आशीर्वाद. तू आणि बाळ येऊ नका. मी घर बघितलं.' "

"येवढंच?"

"एवढंच सुचलं."

पाऊस भुरभुरू लागला होता. दाजींनी मोडकी छत्री उघडली आणि पत्रावर धरली. आम्ही दोघं भिजत होतो.

"नुसतं येऊ नका म्हणलं तर पोरीला वाटंल, म्हाताऱ्यानं घरातनं काढलं. खाली लिहा, वायरमन नवी वायर बसवून, पाणी मारून दाखवीपर्यंत. आन् पेटीतल्या बिजागऱ्या, कडी, समदं काढतो म्हणावं. पाळणा लाकडाचा करतो." ते थांबले. "आन् लिहा, कडीचं तिचं खरं व्हतं. सासरा म्हणतो म्हणून लिहा."

मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. कडेला चिकटवायला डिंक नव्हता. दाजींचा हात सवयीनं कमरेकडं, तारेच्या वेटोळ्याकडं गेला आणि परत आला. मग फाट्यावरच्या टपरीतून मी भाताचं शीत मागून आणलं.

टपालाची पेटी टपरीशेजारच्या भिंतीला होती. लाल, लोखंडी, पावसानं चिंब.

"द्या इकडं," दाजी म्हणाले.

पत्र घेऊन ते पेटीसमोर उभे राहिले. हात पेटीच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबवला. त्यांनी ओल्या लोखंडाकडं बघितलं. मग खांद्यावरच्या पटक्याचं आतलं कोरडं टोक ओढून ते हाताला गुंडाळलं, नीट, वेढ्यावर वेढा, आणि पत्र आत सोडलं. पडल्याचा आवाज येतो का म्हणून त्यांनी कान जवळ नेला, पण लोखंडाला टेकू दिला नाही.